घाणेरड्यांचा क्लब

जर्सी सिटीतल्या त्या लाकडी घरात आम्ही मधल्या मजल्यावर राहत होतो. खाली घरमालक, आणि वर कुणी ना कुणी भाडेकरू, जो दर वर्षी बदलायचा. जिना इतका अरुंद होता की आमचा सोफा वर नेताना बाबांनी त्याचे पाय कापून काढले आणि वर गेल्यावर पुन्हा ठोकून बसवले. तो शेवटपर्यंत एका बाजूला झुकलेला राहिला. थंडी सुरू झाली की भिंतीजवळच्या रेडिएटरमधून कुणी हातोडीनं ठोकल्यासारखा आवाज यायचा, आधी खालच्या मजल्यावर, मग आमच्याकडे, मग वर. खालच्या रेडिओवर दिवसभर स्पॅनिश चालू असायचं. आई एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायची आणि बाबा नदीपलीकडच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. दोघंही घरी यायची तेव्हा त्यांच्या अंगात बोलण्याचंसुद्धा त्राण नसायचं. माझ्या लहानपणाची आठवण काढली की मला आधी ती दमणूक आठवते. कोट न काढता सोफ्याच्या झुकलेल्या बाजूला बसलेले बाबा आठवतात, आणि गॅससमोर एका पायावर भार टाकून उभी असलेली आई.

आमच्या घरात दोन मराठी होत्या. एक आम्ही तिघंच असताना बोलायची, मिरजेकडच्या गावची, 'न्हाई' आणि 'व्हय' आणि 'कशापायी'वाली. दुसरी, इथल्या मराठी मंडळाची माणसं आली की बाबांच्या तोंडून निघायची, इस्त्री केलेल्या शर्टासारखी. स्वयंपाकही दोन होते. एरवी आई सुकट भाजायची, खर्डा कुटायची, आणि ज्वारीचं पीठ मिळत नसे म्हणून मक्याच्या पिठाच्या भाकरी थापायची, ज्या तव्यावरच फाटायच्या. मंडळातलं कुणी येणार असलं की आदल्या दिवसापासून खिडक्या उघड्या. बाहेर बर्फ असलं तरी उघड्या. सुकटीची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून जिन्याखाली जायची आणि घरात मसालेभात व्हायचा. माझे आजोबा गावात चपला शिवायचे, पणजोबा कातडी कमावायचे. आम्ही चांभार. बाबा शिष्यवृत्तीवर शिकले, मुंबईत नोकरीला लागले, तिथून इथे आले, आणि इथे आल्यावर त्यांनी आडनावाचं शेवटचं अक्षर बदललं. ऑफिसात बोलायला सोपं जावं म्हणून, असं ते सांगत. मी अकरा वर्षांची होते तेव्हा. विमानातून उतरून आठवडाही झाला नसेल, तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "आजोबा काय करायचे म्हणून कुणी विचारलं तर शेतकरी म्हणायचं." मी मान हलवली. खोटं बोलायला लहान मुलांना फारसं शिकवावं लागत नाही. का बोलायचं ते सांगितलं नाही तरीसुद्धा.

खालचे घरमालक म्हणजे डॉन आनिबाल; स्पॅनिशमधलं 'डॉन' म्हणजे आपल्या 'राव'सारखं. उरुग्वेतल्या एका नदीकाठच्या गावातून पंचवीसेक वर्षांपूर्वी आलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. एका मोठ्या इमारतीचा बॉयलर सांभाळून निवृत्त झाले होते. उंच, वाकलेले, कायम टाय घातलेले. घरात एकटे असले तरी टाय. जवळून गेले की कोलोनचा इतका दर्प यायचा की आई नाकाला पदर लावायची. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी ते हातात एक भोपळ्याचं छोटं भांडं आणि त्यात धातूची नळी घेऊन वर आले आणि आईपुढे धरून म्हणाले, "माते?" आई गोंधळून दोन पावलं मागे सरकली. परका, पांढऱ्या केसांचा माणूस आपल्याला माते म्हणतोय, तर काय करावं? तिनं वाकून त्यांना नमस्कारच केला. माते हे त्यांच्याकडच्या कडू चहाचं नाव आहे, हे आम्हाला महिन्याभरानं कळलं. तोवर आईनं त्यांना मुलगाच मानून टाकलं होतं. त्यांच्याहून ती तीस वर्षांनी लहान होती, तरी. दर रविवारी ती त्यांना वाटीभर काहीतरी पाठवायची. मंडळाच्या माणसांपासून लपवलेली सुकटही त्यांना जायची. ते बोटं चाटून खायचे.

मी चौदा वर्षांची झाले आणि शाळेत टायपिंग शिकले, तेव्हा त्यांनी बाबांना विचारलं, शनिवारी सकाळी मुलगी माझं थोडं लिखाण टाइप करून देईल का? त्यांच्याकडे विजेवर चालणारा जड टाइपरायटर होता आणि स्पॅनिशमध्ये भरलेल्या सात वह्या. ते वहीत बघून मोडक्या इंग्रजीत सांगायचे, मी ते सरळ करून टाइप करायची. हे इंग्रजीत कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, "माझ्या भाचीची मुलं इथं जन्मली. त्यांना दुसरं वाचता येत नाही." वह्यांत एका फुटबॉल क्लबचा इतिहास होता. क्लबचं नाव सांता रुफिना. तो आता जगात कुठेही नव्हता.

मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. पण पहिल्याच शनिवारी त्यांनी सांगितलं की हा क्लब टॅनरीतल्या कामगारांनी काढला, जिथं गाईबैलांची कातडी कमावली जायची, आणि माझी बोटं टाइपरायटरवर थांबली. मैदान टॅनरीला लागून, ओढ्याच्या बाजूला उतरतं. त्यामुळे दुसऱ्या हाफमध्ये उतारावरून खेळायला मिळावं म्हणून नाणेफेकीच्या वेळी कॅप्टन देवाचं नाव घ्यायचा. प्रेक्षकांच्या बाकांना फळ्या होत्या त्या कातडी ताणून वाळवायच्या जुन्या चौकटींच्या. जर्सी तपकिरी, कारण झाडाच्या ज्या सालीच्या पाण्यात कातडी भिजायची त्याच पाण्यात पहिल्या वर्षी कापडही बुडवलं होतं. बाहेरचे संघ तिथं कपडे बदलायला तयार नसत. हॉटेलातच बदलून यायचे आणि खेळ संपला की अंघोळ न करता पळायचे. गावाच्या वरच्या पेठेत, चर्चजवळ, दुसरा एक क्लब होता. तिथले लोक सामन्याला नाकाला रुमाल लावून यायचे आणि गोल झाला की लिंबं फेकायचे. ते यांना म्हणायचे, 'एदियोन्दोस'. म्हणजे घाणेरडे, वास मारणारे.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"आम्ही ते नाव घेतलं," डॉन आनिबाल म्हणाले. "बायका घरून ओल्या कातड्याच्या पट्ट्या घेऊन यायच्या आणि डोक्यावर फिरवायच्या. सगळं मैदान ओरडायचं, घाणेरडे! घाणेरडे! आपणच आपल्याला. राजधानीचा मोठा संघ आला होता, अकरा गोरेगोमटे, केसांना तेल लावलेले. अर्ध्या तासात त्यांच्यातला एक ओकला. आम्ही दोन-एक जिंकलो." ते स्वतः टॅनरीतच कामाला होते, आणि त्या दिवशी डावीकडून खेळले होते. क्लब तेव्हा व्यावसायिक झाला होता, वरच्या विभागात तीन मोसम टिकला. तीनच. पण त्या तीन मोसमांच्या चार वह्या होत्या.

आज मागे वळून पाहते तेव्हा कळतं, ते शनिवार कधी संपू नयेत असं मला वाटत होतं. ज्या वासामुळे आमच्या खिडक्या बर्फात उघड्या राहायच्या, तो वास डोक्यावर फिरवणारी माणसं जगात होती, याचं मला जे काही वाटलं त्याला शब्द नव्हते. त्यामुळेच एका शनिवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे पणजोबा पण टॅनरच होते. आणि आजोबा चपला करायचे. बाबांनासुद्धा येतं सगळं." डॉन आनिबाल खुर्चीतून अर्धे उठले. "तुझ्या वडिलांना?" ते म्हणाले. "आणि ते मला कधी बोलले नाहीत!" मी म्हणाले, सांगू नका त्यांना. पण ते मी हळू म्हणाले, आणि त्यांना एका कानानं ऐकू कमी यायचं.

शेवटची वही मात्र विचित्र होती. टॅनरी बंद पडली इथपर्यंत सगळं सविस्तर, आणि मग एकच वाक्य: 'पुढे परिस्थितीमुळे क्लब बंद झाला.' मी विचारलं, परिस्थिती म्हणजे काय झालं? तुम्ही तेव्हा सेक्रेटरी होतात ना? त्यांनी टाय सारखा केला. "जे सांगितलं ते टाइप कर," म्हणाले. असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी आमच्याकडे वसंतकाका आणि नलिनीकाकू जेवायला आले. वसंतकाका मंडळाचे अध्यक्ष, मोठे बँकेतले अधिकारी, मनानं वाईट नव्हते. बाबांना गणपतीच्या कार्यक्रमाच्या समितीत घ्यायचं चाललं होतं आणि त्यासाठीच ते मुद्दाम आले होते. मसालेभात, बटाट्याची भाजी, शिरा. बाबा इस्त्रीच्या मराठीत बोलत होते. वसंतकाका म्हणाले, "समितीत कसं आहे, जरा आपल्यातलीच माणसं असली की बरं पडतं." बाबा हसले. आईनं त्यांच्या पानात शिरा वाढला, त्यांनी मागितला नव्हता तरी.

तेवढ्यात दार वाजलं. डॉन आनिबाल. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुना चामड्याचा बॉल, तपकिरी, एका शिवणीला उसवलेला, चेपलेला. राजधानीवाल्यांना हरवलं त्या दिवशीचा बॉल. पाहुण्यांकडे बघून त्यांनी मान लववली आणि मग आनंदानं, जणू आम्हा सगळ्यांना खुशखबर द्यावी तसे, बाबांना म्हणाले, "मित्रा! इतके दिवस मला कसं सांगितलं नाहीत? तुमची मुलगी सांगते तुम्ही चामड्यातले. तुमचे वडील शूमेकर, त्यांचे वडील टॅनर. मग हा तुम्हीच शिवायचा. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

मी ताटाकडे बघत होते. नलिनीकाकूंच्या बांगड्यांचा आवाज थांबला. बाबा उभे राहिले आणि इंग्रजीत, अगदी सभ्यपणे म्हणाले, "देअर इज सम मिसअंडरस्टँडिंग. माय फादर वॉज अ फार्मर. मुलीनं काहीतरी वाचलं असेल पुस्तकात." डॉन आनिबालनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग टेबलाशी बसलेल्या पाहुण्यांकडे. त्यांना मराठी येत नव्हती, पण त्या खोलीत काय चाललंय ते त्यांना आमच्यापैकी कुणाहूनही आधी कळलं असावं. "सॉरी," ते म्हणाले. "माझं इंग्रजी चांगलं नाही. मीच चुकीचं ऐकलं." आणि बॉल पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून जिना उतरून गेले.

वसंतकाकांनी विषय बदलला. नलिनीकाकूंनी शिरा संपवला नाही. पोट भरलं म्हणाल्या. समितीचं पुन्हा कुणी काही बोललं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. पाहुणे गेल्यावर मी मार खायची तयारी ठेवून उभी होते. बाबांनी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. सोफ्याच्या झुकलेल्या बाजूला बसले. "का सांगितलंस?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, "त्यांना आवडतं ते. त्यांना लाज नाही वाटत." आई भांडी घासता घासता म्हणाली, "पोरीला कशापायी बोलतायसा? पोरगी खोटं बोलली व्हय?" आणि नळ मोठा सोडला.

आठवडा तसाच गेला. शनिवारी मी खाली जाणार नव्हते. बाबाच म्हणाले, "चल." त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली, तळातून एक खाकी कापडाची गुंडाळी काढली. त्यात भोकं पाडायची आरी होती, कातडं कापायची रापी होती, दोन जाड सुया, मेणाचा काळा पडलेला गोळा. आजोबांची हत्यारं समुद्र ओलांडून आली होती आणि तीन वर्षं त्या पलंगाखाली होती. मला माहीत नव्हतं, आईलाही नसावं. खाली डॉन आनिबालनी दार उघडलं. बाबा म्हणाले, "बॉल आणा." बस. रविवारबद्दल एक अक्षर नाही, दोघांपैकी कुणाचंच नाही.

बाबांनी जमिनीवर मांडी घातली. ऑफिसात टेबलाशी बसणारे माझे बाबा मी असे कधी पाहिले नव्हते. बॉलची नाडी सोडवली, आतला फुगा काढला, कातडं तेलानं मऊ केलं, दोरा मेणावरून ओढला. मग गुडघ्यांत बॉल धरून आरीनं एकेक भोक मोकळं करत दोन्ही बाजूंनी दोन सुया घालत गेले. त्यांचा अंगठा त्यांच्यापेक्षा वेगळ्या कुणाचा असावा तसा चालत होता. एकदा त्यांनी कातडं नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. डॉन आनिबाल समोर खुर्चीत बसून बघत होते. मध्येच त्यांनी स्वतःचा टाय काढला आणि बोलायला लागले. मी टाइपरायटरशी होते. मला टाइप कर असं कुणी म्हणालं नाही, तरी मी करत गेले.

टॅनरी बंद पडल्यावर क्लब चालवायला माणसं उरली नव्हती. वरच्या पेठेच्या क्लबनं बोलावलं. दोन्ही क्लब एक करू म्हणाले, नावात तुमचंही नाव राहील. सभासदांनी डॉन आनिबालना सांगून पाठवलं होतं की ऐकून ये, सही करू नकोस. "मी त्या दिवशी न्हाव्याकडे गेलो. कोलोन लावलं, भरपूर. त्यांचा अध्यक्ष, मोठा डॉक्टर, त्यानं मला शेजारी बसवलं. वाइन दिली. खांद्यावर हात टाकून म्हणाला, आनिबाल, तू त्यांच्यासारखा नाहीस. तुला वास येत नाही." त्यांनी काढलेला टाय बोटाला गुंडाळला. "आणि मला बरं वाटलं. कळतंय ना तुम्हाला? मला फार बरं वाटलं. मी सही केली." वर्षभरात नावातून सांता रुफिना गेलं, पुढल्या वर्षी मैदानावर बसचा डेपो झाला, आणि काही वर्षांत तो जोडक्लबही बुडाला. गावातलं कुणी त्यांच्याशी बोलेना. ओल्या कातड्याच्या पट्ट्या फिरवणाऱ्या बायका त्यांना बघून रस्ता बदलायच्या. "म्हणून मी इथं आलो. लोक विचारतात अमेरिकेत का आलात. मी सांगतो, परिस्थिती."

बाबांनी दोरा दातानं तोडला. बराच वेळ शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "आय नो धिस डॉक्टर." डॉन आनिबालना वाटलं, खरंच ओळखतात, ते म्हणाले, तो कधीच मेला. बाबा म्हणाले, "नो, नो. ही इज ओके. ही केम फॉर लंच." आणि दोघंही हसायला लागले. दोन थकलेली माणसं, एक जमिनीवर आणि एक खुर्चीत, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. आता दिसतं, आणि हसू येत नाही.

शेवटचं प्रकरण त्या दिवशी साडेतीन पानांचं झालं. त्यात सही होती, कोलोन होतं, डॉक्टरचा हात होता. डॉन आनिबालनी त्यातला एकही शब्द काढायला लावला नाही. जाडजूड झालेल्या त्या इतिहासाच्या पाच प्रती काढल्या. भाचीकडे एक गेली, चार त्यांच्याच कपाटात राहिल्या. कुणी वाचल्याचं मी ऐकलं नाही.

हे सगळं झाल्यावर बाबा बदलले असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते तसे बदलले नाहीत. मंडळात जाणं हळूहळू सुटलं, खिडक्या बंद राहू लागल्या, आणि सुकटीची बरणी ओट्यावर आली, ती कुणी येत नव्हतं म्हणून. हत्यारांची गुंडाळी मात्र ट्रंकेतून वरच्या ड्रॉवरमध्ये आली, आणि अधूनमधून शनिवारी बाबा आमचे बूट दुरुस्तीला काढून बसायचे. मी पुढे लग्न होऊन मिशिगनला आले. आता साठी उलटली, तिथल्याच नोव्हाय नावाच्या गावात राहते. मागच्या महिन्यात इथे एका घरी पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण. पुण्याहून नव्यानं आलेल्या एका हुशार, गोड मुलीनं विचारलं, "काकू, माहेरचं आडनाव काय तुमचं? मूळचे कुठले?" मी म्हणाले, मिरजेकडचे, आणि तिला आणखी भात वाढला. इतकी वर्षं झाली. माझी मुलगी ॲन आर्बरला समाजशास्त्र शिकवते, या विषयावर लेख लिहिते, आणि मी एका पंचविशीतल्या पोरीला घाबरून भात वाढते.

डॉन आनिबाल गेले तेव्हा मी कॉलेजात होते. चर्चमध्ये आम्ही तिघं, त्यांची भाची ग्रासिएला, तिची दोन मुलं आणि बॉयलर सांभाळणारे दोघं जुने सहकारी, एवढीच माणसं. नंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. ग्रासिएला बाबांपाशी आली आणि म्हणाली, "तुम्ही त्यांचे भाडेकरू ना?" बाबांनी कप खाली ठेवला. कोटाचं बटण लावलं. "आय ॲम अ शूमेकर्स सन," ते म्हणाले. "युवर अंकल वॉज अ टॅनर. वुई वेअर सेम लाइन." ग्रासिएला म्हणाली, "हाऊ नाइस," आणि केक घेणार का विचारलं.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "सांगून टाकलंसा की."

"हितं सांगाय काय लागतंय," बाबा म्हणाले. "तिला काय कळतंय त्यातलं?"

त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोरच्या काचेवर बारीक बर्फ साचायला लागलं होतं.

"पन तोंडातनं भाईर तर पडलं," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

माझ्या माहितीत, त्यानंतर हे बाबा पुन्हा कधी कुणाला म्हणाले नाहीत.